कांद्याची वही : ऋतू कोणता, चक्र कोणते?

आषाढ शुद्ध नवमीस आमच्या घरी कांदेनवमी होते. एकादशीपासून चातुर्मास लागावयाचा आणि कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण, वांगे स्वयंपाकघरात यावयाचे नाहीत. तेव्हा त्यापूर्वी एक दिवस भजी, थालीपिठे, कांदेभात असे मनसोक्त करून जिभेची समजूत घालण्याची ही जुनी चाल. अंबरनाथच्या पूर्वेस बिऱ्हाड आले तरी आमच्या वहिनींनी ती मोडू दिलेली नाही. २०१८ सालच्या कांदेनवमीस आमचा पुतण्या निफाड तालुक्यातील वडिलार्जित शेतावरून आला, तो कांद्याची गोणी घेऊनच. पंगत बसली, भजी झाली, आणि जेवणानंतर जो विषय निघाला त्याचे स्मरण आम्हांस आजही सुखाचे नाही. वाचकांस त्यापासून काही घेण्यासारखे आहे असे वाटल्यावरून तो येथे सांगत आहो.

पुतण्याने त्या वर्षीच्या मे महिन्यात शेतावर कांदाचाळ बांधली होती, आणि स्वतःच्या मालाखेरीज शेजारच्या शेतकऱ्यांकडूनही कांदा घेऊन तीत भरला होता. त्यास जे द्रव्य लागले ते वहिनींनी आपल्या नातीच्या पुढील शिक्षणासाठी बाजूस ठेवलेल्या ठेवीतून दिले. देण्यापूर्वी त्यांनी आम्हांस एकच प्रश्न केला होता, "भावोजी, तुमची वही काय म्हणते?"

ही वही म्हणजे आमचा निवृत्तीतील छंद. लासलगावच्या बाजार समितीतील कांद्याचा भाव वर्तमानपत्रांतून उतरून घ्यावयाचा आणि महिन्याच्या शेवटी त्याची सरासरी काढावयाची, हा नेम आम्ही कित्येक वर्षे चालविला आहे. चातुर्मासात कांदा घरात येत नसला तरी त्याचा भाव वहीत येतोच. वहिनींस आम्ही सांगितले, "वही म्हणते, मे महिन्यात कांदा स्वस्त आणि दसरा-दिवाळीस महाग. दरसाल असेच होते." एवढ्या उत्तरावर ठेव मोडली गेली.

दसऱ्याच्या सुमारास भाव खरोखरच वर आला. पुतण्याने दूरध्वनी करून विचारले, "काका, विकून टाकू का?" आम्ही वही उघडली. आदल्या वर्षी, म्हणजे २०१७ साली, नोव्हेंबर-डिसेंबरात भाव ऑक्टोबराहूनही चढला होता. शिवाय आमच्या सर्व वर्षांची नोव्हेंबराची सरासरी ऑक्टोबराच्या सरासरीहून अधिक दिसत होती. "थांब," आम्ही म्हणालो. कार्तिकी एकादशी झाली, आणि नोव्हेंबर सरता सरता निफाडच्या परिसरात जुन्या कांद्यास किलोमागे रुपया-दीड रुपया मिळेनासा झाला. चाळीतला माल बाजारात नेण्याचे भाडेही त्यातून सुटेना. नातीचा प्रवेश पुढे कर्ज काढून करावा लागला. वहिनी एका शब्दाने बोलल्या नाहीत. परंतु आम्ही पुष्कळ दिवस ती वही उघडली नाही.

वहीतील आकडे खोटे नव्हते. वाचणारा चुकला होता. आम्ही दोन भिन्न गोष्टी एकच समजलो होतो. ज्यांचा नेम पंचांगासारखा बांधलेला असतो असे चढउतार, आणि जे फिरून फिरून येतात खरे परंतु केव्हा येतील हे कोणासही नेमके सांगता येत नाही असे चढउतार, यांतील भेद आम्ही केला नव्हता. संख्याशास्त्रात पहिल्यास ऋतुजन्य आणि दुसऱ्यास चक्रीय म्हणतात. काळाच्या क्रमाने मांडलेल्या आकड्यांच्या ओळीस कालमाला म्हणावे. अशा कालमालेचे चार घटक मानण्याची पद्धत अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉरन पर्सन्स यांनी १९१९ साली व्यापारी आकड्यांस लावून दाखविली, आणि तीच पाठ्यपुस्तकांतून रूढ झाली : दीर्घकालीन कल, चक्र, ऋतू आणि आकस्मिक. यांपैकी कल व आकस्मिक हे सहसा ओळखू येतात. घोटाळा होतो तो मधल्या दोहोंत, कारण दोन्ही "पुन्हा येणारे".

आमच्या जुन्या भाषेत मात्र या दोहोंस शब्द निराळे आहेत. 'ऋतु' याचा मूळ अर्थच नियत काळ असा आहे. चक्र फिरते, परंतु ते किती वेगाने फिरावे हे त्या शब्दात सांगितलेले नाही. मेघदूत ज्यांनी वाचले असेल त्यांनी एक मौज पाहावी. यक्ष आपल्या पत्नीस विरहाची समाप्ती सांगतो ती तिथीनिशी, विष्णू शेषशय्येवरून उठतील त्या दिवशी. अवघे चार महिने उरले आहेत, असे तो मोजून सांगतो. त्याच निरोपात तो मनुष्याच्या दशेस चाकाच्या धावेची उपमा देतो. परंतु चाकाची वरची बाजू खाली केव्हा येईल याची तिथी काही देत नाही. ऋतू आणि चक्र यांतील अंतर हेच होय.

येथे एक तिसरी गोष्ट आडवी येते, ती आधी दूर करू. आमच्या गावच्या प्राचीन शिवमंदिराची महाशिवरात्रीची यात्रा पाहा. त्या दिवशी पूर्वेकडील रस्ते माणसांनी भरून जातात, आणि फुले, बेल, फराळाचे पदार्थ, खेळणी विकणाऱ्यांचा एका दिवसात मोठा धंदा होतो. २०२३ साली महाशिवरात्र १८ फेब्रुवारीस होती. २०२४ साली ८ मार्चला. २०२५ साली २६ फेब्रुवारीस. आता एखाद्या दुकानदाराने २०२४ च्या फेब्रुवारीची विक्री आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीशी ताडून पाहिली, तर त्यास वाटेल की धंदा बसला. मार्च ताडून पाहिला, तर वाटेल की तेजी आली. दोन्ही समजुती चुकीच्या. यात्रा हलली आहे, धंदा नव्हे. गणेशचतुर्थीचेही तसेच : २०२२ साली ३१ ऑगस्ट, २०२३ साली १९ सप्टेंबर. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, आणि एकोणीस वर्षांत सात अधिक मास घालून आमचे ज्योतिषी तो मेळ बसवितात. २०२३ साली श्रावण अधिक आला, तेव्हा चातुर्मास पाच महिन्यांचा झाला, आणि कांदा न खाणाऱ्या घरांत तो पाच महिने आला नाही. इंग्रजी महिन्यांच्या कोष्टकात ही हालचाल अनियमित दिसते, म्हणून पुष्कळजण तीस चक्र समजतात. वस्तुतः हा ऋतूच आहे. तो निराळ्या पंचांगाने चालतो इतकेच. ज्याची तिथी दाते पंचांगात पाहून पुढील वर्षासाठी आज सांगता येते, ते चक्र नव्हे.

आता कांद्याकडे वळू. कांद्याच्या भावात ऋतू आहे हे निःसंशय, आणि त्याचे कारण शेतात दिसते. नाशिक जिल्ह्यात कांद्याची तीन पिके निघतात. खरिपाचा, ज्यास लाल कांदा म्हणतात तो, साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतो. मागून रांगडा येतो, जानेवारी ते मार्च. शेवटी रब्बीचा उन्हाळी कांदा, मार्चअखेरपासून मेपर्यंत. देशाच्या एकंदर उत्पन्नात साठ टक्क्यांहून अधिक वाटा या शेवटच्या पिकाचा. लाल कांदा फार टिकत नाही. उन्हाळी मात्र चाळीत चारपाच महिने राहतो, आणि पावसाळाभर देश त्यावरच जगतो. त्यामुळे एप्रिल-मेत माल उदंड आणि भाव उतरलेला. पुढे चाळी रिकाम्या होत जातात, काही माल सडतो, काही कोंब धरतो, आणि नवा खरीप येईपर्यंत भाव चढतो. सूर्य, पाऊस आणि पीक यांनी बांधलेला हा क्रम आहे. २०१८ साली दसऱ्यास जो भाव वर आला तो या क्रमाने. ऋतूने आपले देणे त्या वेळी चुकते केले होते.

आम्ही ज्याची वाट पाहत बसलो ती गोष्ट निराळी होती. कांद्याने देशात हाहाकार उडविल्याची वर्षे आठवून पाहा : १९९८, २०१०, २०१३, २०१५, २०१९, २०२३. मधली अंतरे बारा, तीन, दोन, चार, चार वर्षांची. तेजी फिरून येते यात संशय नाही, परंतु ठरलेल्या अंतराने येत नाही. शिवाय प्रत्येक खेपेस तिचा महिनाही तोच नसतो : २०१५ साली तेजी ऑगस्टातच होती, २०१० साली आणि २०१९ साली डिसेंबरात. याचे नाव चक्र.

त्याचे कारण आकाशात कमी आणि माणसांच्या मनात अधिक आहे. ज्या वर्षी कार्तिक-मार्गशीर्षात कांदा महाग असतो, त्या वर्षी शेतकरी उन्हाळी कांद्याची लागवड वाढवितो. सर्वच तसे करतात, म्हणून चार महिन्यांनी माल उदंड येतो आणि भाव कोसळतो. भाव कोसळला की लागवड घटते, आणि पुढे कमतरता येते. आर्थर हानाऊ यांनी १९२८ साली जर्मनीतील डुकरांच्या भावांत हाच प्रकार आकड्यांनी दाखविला होता. आलेखावर काढलेली ही रेघ कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, म्हणून निकोलस काल्डोर यांनी १९३४ साली या उपपत्तीस तेच नाव दिले. त्यात अवर्षण वा अवकाळी पाऊस यांची भर पडते, आणि सरकारच्या आज्ञांचीही : सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी झाली, सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा झाली, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा, ती मे २०२४ मध्ये उठली. चाक फिरविणारे हात असे अनेक असल्यावर ते एका वेगाने फिरेल कसे?

आता आमची चूक उघड होते. २०१७ च्या अखेरीस जी तेजी आली, तिनेच शेतकऱ्यांस उन्हाळी कांदा लावण्यास उत्तेजन दिले, आणि तोच कांदा २०१८ च्या चाळीचाळींतून भरून राहिला. ज्या तेजीच्या भरवशावर आम्ही "थांब" म्हणालो, तिच्यातूनच आमचा तोटा उगवला होता.

मग नोव्हेंबराची सरासरी अधिक कशी दिसत होती? पाच वर्षांचे नोव्हेंबराचे भाव किलोस १२, १४, ११, १३ आणि ६० रुपये होते असे समजा. सरासरी २२ येते. परंतु पाचांपैकी चार वर्षांत भाव १४ च्या वर गेलेलाच नाही! एका तेजीच्या वर्षाने सरासरी फुगविली आहे. हेच आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घेतला तर तो १३ येतो, आणि ऋतूचे खरे मान तेच. ऋतू असेल तर तो बहुतेक वर्षांत दिसला पाहिजे. एकदोन वर्षांत दिसणारी उंच शिखरे चक्राची किंवा आकस्मिकाची. शाळेत तीस वर्षे सरासरी शिकविलेल्या मनुष्यास हे न सुचावे, याची लाज आम्हांस वाटली ती योग्यच होती.

घरच्या वहीतही हा भेद करता येतो, आणि त्यास बेरीज-भागाकारापलीकडे गणित लागत नाही. एका पानावर आडव्या ओळीत बारा महिने आणि उभ्या रकान्यात वर्षे घालावीत. वीजदेयक असो, किराणा असो, घरातील आजारपणाचा खर्च असो, हेच कोष्टक चालते. प्रथम प्रत्येक महिन्याचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचावा. एकच महिना बहुतेक वर्षी आपल्या वर्षाच्या सरासरीहून वर वा खाली असेल, तर ऋतू आहे.

नंतर लागोपाठ बारा महिन्यांची सरासरी काढावी, एप्रिल ते मार्च. मग जुना एप्रिल सोडून नवा एप्रिल धरावा, म्हणजे मे ते एप्रिल. याप्रमाणे पुढे सरकत जावे. अशा प्रत्येक सरासरीत बारा महिन्यांपैकी प्रत्येक एकदाच येत असल्यामुळे ऋतू त्यातून निघून जातो. मागे जी संथ वरखाली होणारी रेघ राहते तीत कल आणि चक्र असतात. ही रेघ चढत असता ऋतूचा लाभ दुप्पट भासतो. उतरत असता ऋतूची चढण तीत बुडूनही जाते. दसऱ्यास पुतण्याचा प्रश्न आला तेव्हा आम्ही ही रेघ काढली असती, तर ती खाली वळलेली आम्हांस दिसली असती, आणि आमचे उत्तर निराळे झाले असते.

परंतु या रेघेवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. यूजीन स्लुत्स्की या रशियन गणितज्ञाने १९२७ साली असे दाखविले की, निव्वळ यदृच्छेने घेतलेल्या आकड्यांच्या अशा सरकत्या बेरजा केल्या तरी त्यांत लाटा दिसू लागतात. म्हणजे जेथे चक्र नाही तेथेही आपल्या गणिताने ते निर्माण होऊ शकते. ज्यांनी हिंदुस्थानच्या हवामानखात्याचे प्रमुखपद १९०४ पासून १९२४ पर्यंत भूषविले, ते गिल्बर्ट वॉकर या बाबतीत विशेष सावध होते. पावसाची आवर्तने शोधणाऱ्यांस त्यांचे बजावणे असे की, पुष्कळ अंतरे तपासून पाहिली म्हणजे त्यांतील एखादे केवळ योगायोगाने जुळणारच. म्हणून जे सर्वांत चांगले जुळले त्याची कसोटी अधिक कडक असावी. प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांवरील वायुभाराच्या ज्या आंदोलनाचा शोध त्यांच्याच नावावर आहे, तेही दोन ते सात वर्षांच्या अंतराने, म्हणजे चक्राप्रमाणेच, येते, ऋतूप्रमाणे नव्हे.

हा सावधपणा न ठेवल्याचे प्रसिद्ध उदाहरण स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचे. सूर्यावरील डाग सुमारे अकरा वर्षांनी वाढतात. इंग्लंडातील व्यापारी पेचप्रसंगही साधारण दहा वर्षांनी येतात. तेव्हा १८७८ च्या सुमारास त्याने साखळी जोडली ती अशी : सूर्याचे डाग, त्यामुळे हिंदुस्थानातील पिके, त्यामुळे येथील लोकांची विलायती माल घेण्याची ऐपत, त्यामुळे मँचेस्टर-लंडनचा व्यापार. मनुष्य मोठा बुद्धिमान. परंतु व्यापाराच्या चक्रास त्याने सूर्याचे घड्याळ बांधू पाहिले, आणि ते बसले नाही. सूर्याचे डाग तरी कोठे काटेकोर? ते कधी नऊ वर्षांनी परततात, कधी चौदा.

आमचीही पुढील कथा याच मासल्याची आहे. २०१८ च्या तोट्याने पुतण्याचा धीर सुटला. "काका, कांद्यात आता काही राम नाही," असे म्हणून त्याने २०१९ च्या मे महिन्यात सगळा माल शेतावरच मिळेल त्या भावास देऊन टाकला आणि चाळ मोडली. आम्हीही होकार दिला, कारण आता आमच्या मनात मंदी हाच नेम झाला होता. पण आदल्या वर्षीच्या मंदीने आणि अवर्षणाने लागवड घटली होती. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या अतिवृष्टीने खरीप कुजला, आणि डिसेंबरात अंबरनाथच्या भाजीबाजारात कांद्याने किलोस शंभरी ओलांडली. एकदा तेजीस ऋतू समजून बुडालो होतो, दुसऱ्यांदा मंदीस ऋतू समजून हुकलो.

त्या दिवशी वहिनी भाजी घेऊन आल्या, पिशवी ओट्यावर ठेवली, आणि वर्षभरात प्रथमच त्या विषयावर बोलल्या. "भावोजी, तुमची सरासरी खरी असेल. पण सरासरीचे वर्ष आपल्या वाट्यास एकदाही आले नाही."

तेव्हापासून आमच्या वहीत दोन रकाने वाढले आहेत : एकात प्रत्येक महिन्याचा मधला आकडा, दुसऱ्यात बारा महिन्यांची सरकती सरासरी. दुसरा रकाना आमची नात भरते. तिच्या शिक्षणाचे कर्ज फिटत आले आहे. घरात द्रव्याची गोष्ट निघाली की आम्ही प्रथम विचारतो, ही चढण दरसालची आहे की फिरत्या चाकाची? दरसालची असेल तर तिच्यावर महिन्याचा बेत करावा. दिवाळीचे सामान केव्हा भरावे, शाळेच्या प्रारंभी किती पैसा हाताशी असावा, हे बेत तिच्यावर निःशंक करता येतात. चाकाची असेल तर तिच्यावर ठेव मोडू नये. चाक वर असता थोडे बाजूस टाकावे, खाली असता तग धरावी, आणि ते केव्हा वळेल हे आपणांस ठाऊक आहे असे कोणासही, विशेषतः घरच्या मंडळींस, सांगू नये.

पुतण्याने पुन्हा चाळ बांधली आहे, पण लहानशी, आणि आपल्याच मालापुरती. दसऱ्यास भाव बरा असला की निम्मा माल तो आमचा सल्ला न विचारता विकतो. कांदेनवमीस गोणी मात्र नेमाने येते.